कापलेल्या घराचा फोटो

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत एक जाड पुठ्ठा आहे. त्यावर तीन रंगीत फोटो एकाला एक लावून चिकटवलेले आहेत. तिन्ही मिळून एक भिंत होते. ती आमच्या बावर्चीखान्याची भिंत.

मी बी.एड. करत होते त्या वर्षी गावातला मुख्य रस्ता रुंद झाला. मोजणीवाल्यांनी घरावर लाल रंगाची रेघ ओढली. ती बैठकीतून आणि दालनाच्या मधून गेली. रेघेच्या पुढचं गेलं, मागचं राहिलं. जेसीबीचं काम एका दुपारीत संपलं. धूळ बसल्यावर लक्षात आलं की दालन आणि बावर्चीखाना यांच्यामधली भिंतही धक्क्यानं खाली आली आहे. त्यामुळे रस्त्यावरून थेट आत दिसत होतं. चुलीमागचा काळा डाग, मसाल्याच्या डब्यांची फळी, आणि दादीचा ताक, म्हणजे मराठीत कोनाडा, ज्यात तिची तसबीह आणि चष्मा असायचा. वर माळवद तुटलं होतं तिथं त्याचे थर दिसत होते : लाकडं, त्यावर काड्या, त्यावर पांढऱ्या मातीचे कितीतरी हात. इतकी वर्षं त्या छपराखाली झोपलो, पण ते कशाचं बनलंय हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भरपाईच्या अर्जाला फोटो जोडायचा होता. फोटो स्टुडिओवाले चाचा आले. पण समोरच्या घरामुळे त्यांना मागे सरकायला जागा नव्हती, आणि एका फोटोत भिंत मावत नव्हती. म्हणून त्यांनी तीन काढले. अब्बांनी ते पुठ्ठ्यावर चिकटवले. सांधे नीट जुळले नाहीत. डावीकडच्या फोटोत ताक आहे आणि मधल्या फोटोतही तोच ताक थोडा तिरका होऊन पुन्हा आला आहे. कचेरीतल्या माणसानं विचारलं, "कोनाडे दोन आहेत की एक?"

दादी साऱ्या जन्मात कधी उघड्या दारात उभी राहिली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "रस्ते पो आ गया मेरा बावर्चीखाना." मग पत्रे लागेपर्यंत ती मागच्या अंगणात रांधत होती. त्या भिंतीकडे तिनं पाठ केली ती केलीच.

हे सगळं सांगायचं कारण असं. गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी काही चित्रं शोधताना माझ्यासमोर एक काळा-पांढरा फोटो आला. अमेरिकेतलं एक साधं दुमजली लाकडी घर, आणि ते वरपासून खालपर्यंत बरोबर मधोमध कापलेलं. फटीतून आकाश दिसतंय. खाली लिहिलं होतं : गॉर्डन मॅटा-क्लार्क, 'स्प्लिटिंग', 1974. शिल्प म्हणून.

खरं सांगते, मला राग आला. आमचं घर कापलं गेलं तेव्हा आम्ही अर्ज लिहीत फिरलो, आणि इकडे कुणी हौसेनं घर कापतो आणि त्याला शिल्प म्हणतात! त्या रागातच मी या माणसाबद्दल वाचायला लागले. राग पूर्ण गेलेला नाही, पण तो आता पहिल्या जागेवर राहिलेला नाही.

गॉर्डनचा जन्म 1943 चा, न्यूयॉर्कचा. वडील रोबेर्तो मॅटा हे चिली देशातले नावाजलेले चित्रकार. आई अ‍ॅन क्लार्क, तीही चित्रकार. मुलं जुळी झाली, गॉर्डन आणि सेबॅस्टियन, आणि वडील लवकरच संसारातून निघून गेले. वडिलांनी चित्रकार होण्याआधी वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं. मुलगाही कॉर्नेल विद्यापीठात तेच शिकला आणि 1968 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्यानं एकही इमारत बांधली नाही. काही मित्रांबरोबर त्यानं आपल्या विचाराला 'अनार्किटेक्चर' असं नाव दिलं. 'आर्किटेक्चर' आणि 'अनार्की' या दोन शब्दांची ती सांगड. मराठीत म्हणायचं तर वास्तुकलेतली बेबंदशाही. त्याच काळात त्यानं मैत्रिणीबरोबर सोहो भागात 'फूड' नावाचं खानावळवजा हॉटेल चालवलं. एका रात्री तिथं नुसत्या हाडांच्या पदार्थांचं जेवण झालं आणि जेवणानंतर तीच हाडं धुऊन, ओवून पाहुण्यांना गळ्यात घालायला दिली. माणूस विक्षिप्त होता हे मान्य करूनच पुढे जाऊ.

त्या वेळचं न्यूयॉर्क आजच्या सिनेमातल्या न्यूयॉर्कसारखं नव्हतं. कारखाने बंद पडत होते, बंदरं ओस पडत होती. 1975 मध्ये तर शहराची तिजोरी रिकामी होऊन दिवाळं निघायची वेळ आली. साउथ ब्रॉन्क्स या गरिबांच्या, काळ्या आणि पोर्तो रिकन लोकांच्या वस्तीत ओळीच्या ओळी इमारती सोडून दिलेल्या होत्या. 1972 च्या सुमारास मॅटा-क्लार्क अशाच इमारतींत शिरला आणि जमिनीचे चौकोन कापू लागला. वरच्या मजल्याचा चौकोन कापला की खालच्या मजल्याची खोली दिसते. तो कापलेला तुकडा, म्हणजे लाकडाच्या तुळया आणि त्यावर लिनोलियमचे दोन-तीन थर, तो प्रदर्शनात जमिनीवर ठेवायचा आणि भिंतीवर त्या भोकाचा फोटो लावायचा. तुकडा इथं, भोक तिथं. जे उरलं ते वस्तू म्हणून, जे गेलं ते फोटो म्हणून.

मग आलं ते न्यू जर्सीतल्या एंगलवुडचं घर. 322, हम्फ्री स्ट्रीट. घर होरेस आणि हॉली सोलोमन या दांपत्याच्या मालकीचं. हॉली सोलोमन कलेच्या व्यवहारातलं मोठं नाव. परिसर नव्यानं वसवण्याच्या योजनेत ते घर पाडायचं ठरलं होतं आणि भाडेकरूंना आधीच बाहेर काढलं होतं. मॅटा-क्लार्क आत शिरला तेव्हा त्यांचं पुष्कळ सामान तिथंच होतं.

1974 च्या वसंतात त्यानं चेनसॉ घेऊन घराच्या मधोमध दोन समांतर छेद घेतले, भिंतींतून, जमिनींतून, जिन्यातून, आणि दोन्ही छेदांमधला भाग काढून टाकला. इथपर्यंत घर फक्त चिरलेलं होतं. पुढचं काम जास्त कठीण. घराचा अर्धा भाग जॅकवर तोलून धरला, त्याखालचे पायाचे ब्लॉक तिरपे छाटले आणि मग तो अर्धा भाग हळूहळू मागे कलता केला. चीर वर रुंद, खाली अरुंद अशी पाचरीसारखी उघडली. शेवटी छपराखालचे चारही कोपरे कापून काढले. ते चार कोपरे आज सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत. घर काही महिन्यांतच पाडलं गेलं.

ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं त्यांना आत जाता यायचं. खालच्या मजल्यावर फट इतकी लहान की ओलांडताना विचार करावा लागू नये. वर जाल तशी ती वाढत जायची, आणि माडीवर पोचेपर्यंत आपण घरात आहोत की कड्यावर, असा प्रश्न पडायचा. उन्हाची एक तिरीप दिवसभर घरातून सरकत जायची, अशा खोल्यांतून जिथं आधी कधी ऊन पोचलं नव्हतं.

पण असे लोक किती असणार? बसभर मित्रमंडळी आली आणि बघून गेली. बाकी सगळ्या जगानं, तुम्ही आणि मी धरून, ते शिल्प फक्त फोटोत पाहिलं. मॅटा-क्लार्कला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानं फिल्म काढली, पुस्तक छापलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो कापून जोडले. एका कोपऱ्यातून अख्खं घर एका फोटोत मावत नाही. म्हणून त्यानं वेगवेगळ्या जागांवरून फोटो घेतले, छापले, कातरले आणि एकाला एक चिकटवले. जिना एकदा खालून दिसतो आणि तोच जिना पुढे वरून. दार जिथं संपतं तिथं दुसरीच भिंत सुरू होते. कडा सरळ नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांच्या आहेत.

तो जोडफोटो पाहिला आणि मी उठून कपाट उघडलं, पुठ्ठा काढला. अब्बांनी नाइलाजानं केलं तेच या माणसानं समजून उमजून केलं होतं. आमचा ताक दोनदा का आला, याचं उत्तर शोधायला मात्र अमेरिकेत जावं लागत नाही. ते हजार वर्षांपूर्वीच्या कैरोत आहे.

इथं आधी एक घोळ निस्तरते. आपल्या गटांमधून दर दोन-तीन महिन्यांनी एक संदेश फिरतो की 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'कुमरा' वरून आला आणि कॅमेरा मुसलमानांनी शोधला. कृपा करून तो पुढे पाठवू नका. कॅमेरा हा लॅटिन शब्द आहे. अर्थ खोली, कमानीची खोली. आपल्या उर्दूतला 'कमरा' सुद्धा अरबी नाही. तो पोर्तुगिजांच्या बोटीतून आला आहे, त्याच लॅटिन घराण्यातला. म्हणजे आपण रोज "कमरे में जाओ" म्हणतो तेव्हा नकळत कॅमेऱ्याचंच नाव घेत असतो. 1604 मध्ये केप्लरनं 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', अंधारी खोली, असं नाव वापरलं. तेच पुढे अर्धं होऊन आपल्या खिशात आलं. फोटो काढायचं यंत्र मुळात एक घर आहे, एकच भोक असलेलं.

खोटा अभिमान बाजूला ठेवला तरी खरा पुष्कळ उरतो. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला इब्न अल-हैसम (सुमारे 965 ते 1040) यानं ग्रहणाच्या आकारावर एक निबंध लिहिला. बारीक छिद्रातून आत येणाऱ्या उजेडानं समोरच्या पडद्यावर चंद्रकोरीसारखा सूर्य का उमटतो, आणि छिद्र मोठं केलं की तो का बिघडतो, हे त्यात नीट तपासलं आहे. त्याचा मोठा ग्रंथ 'किताब अल-मनाज़िर'. फातिमी खलीफा अल-हाकिमच्या रागापासून वाचण्यासाठी त्यानं वेडाचं सोंग घेतलं आणि तो घरात कोंडून राहिला, असं जुने चरित्रकार लिहितात. कथेचा भाग किती आणि इतिहासाचा किती ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण प्रकाशावर इतकं लिहिणारा माणूस बंद खोलीत बसला होता, ही कल्पना मनातून जात नाही.

'मनाज़िर' मधली मुख्य गोष्ट शाळेतही सांगतात : डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो. मला मात्र दुसऱ्या प्रकरणातली गोष्ट मोलाची वाटते. तिथं तो विचारतो, एखादी वस्तू किती लांब आहे हे आपल्याला कळतं कसं? डोळ्यात तर अंतर येत नाही, फक्त उजेड आणि रंग येतो. त्याचं उत्तर असं की आपण अंदाज बांधतो, आणि तो अंदाज जमिनीवरून बांधतो. आपल्या पायापासून त्या वस्तूपर्यंत जमीन सलग दिसत असेल, तर लहानपणापासून पावलांनी आणि हातांनी मोजून अंगवळणी पडलेलं माप आपण नकळत तिच्यावर अंथरतो. जमीन दिसली नाही की माप हरवतं. त्यानं यासाठी एक प्रयोग सांगितला आहे. खोलीच्या भोकातून बाहेर पाहायचं. बाहेर दोन भिंती, एकीमागे एक, मध्ये बरंच अंतर. भोक असं की मधली जमीन दिसू नये. पाहणाऱ्याला त्या दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या वाटतात.

आता एंगलवुडच्या घरात परत चला. तिथं नेमकी जमीनच कापलेली आहे. डोळा ज्या आधारानं अंतर मोजतो तो आधार मॅटा-क्लार्कनं काढून घेतला. फोटोत तर दुहेरी काढून घेतला, कारण फोटोच्या तुकड्यांनाही एकच अशी जमीन नाही. म्हणून त्या चित्रासमोर पोटात किंचित गोळा येतो. आणि आमच्या पुठ्ठ्यावर ताक दोनदा आला, कारण चाचा दोन पावलं सरकले होते आणि त्या दोन पावलांची जमीन पुठ्ठ्यावर नव्हती.

माझ्या ओळखीच्या एका चित्रकला-शिक्षकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, त्यानं काही तुमचा इब्न हैसम वाचला नसेल." वाचला असेल असं मीही म्हणत नाही. पण वास्तुशास्त्राच्या शाळेत तो पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे यथादर्शन, शिकला. त्या युरोपीय यथादर्शनाच्या मुळाशी 'मनाज़िर' चं लॅटिन भाषांतर होतं. सुमारे 1200 पासून ते युरोपात वाचलं जात होतं, 1572 मध्ये छापलं गेलं. फ्लॉरेन्सचा शिल्पकार गिबेर्तीनं आपल्या टिपणांमध्ये त्यातून भरपूर उतरवून घेतलं आहे. वाट लांबची आहे, पण ती वाट आहे.

आणि 1975 मध्ये पॅरिसमध्ये ती वाट अशा ठिकाणी आली की मला वाचताना हसू आलं. पॅरिसच्या मध्यात ले हाल नावाचा मोठा बाजार होता, लोखंडी मंडपांचा. बाजार 1969 मध्ये शहराबाहेर हलवला आणि 1971 पासून मंडप पाडायला सुरुवात झाली. शेजारी पोंपिदू केंद्र उभं राहत होतं, नळ्या आणि सांगाडे बाहेर काढलेली ती आधुनिक इमारत, जी 1977 मध्ये उघडली. त्या कामाच्या लगत सतराव्या शतकातली दोन घरं पाडायची राहिली होती. मॅटा-क्लार्कला पॅरिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी ती मिळाली. त्यानं त्यांतून एक शंकू कोरून काढला. रस्त्याकडच्या भिंतीत मोठं गोल तोंड, आणि तिथून तिरपा वर, मजल्यांमधून, भिंतींमधून, लहान-लहान होत छपराकडे गेलेला. कामाचं नाव 'कॉनिकल इंटरसेक्ट'. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातून घरांचं पोट दिसायचं. आत उभ्या असलेल्याला, मोठ्या दुर्बिणीतून पाहावा तसा, खालचा रस्ता आणि माणसं दिसायची.

हसू यासाठी की शंकू, म्हणजे अरबी-उर्दूत 'मखरूत', हा इब्न अल-हैसमचा लाडका आकार. त्याच्या मते आपण जे काही पाहतो ते एका शंकूतून पाहतो. टोक डोळ्यात आणि पाया वस्तूवर. तो शंकू कधी कुणाला दिसत नाही, कारण आपण त्याच्या टोकावर बसलेलो असतो. मॅटा-क्लार्कनं तो दगड-चुन्यात कोरून रस्त्यावर ठेवला. त्याला सुचलं ते मात्र दुसरीकडून, अँथनी मॅकॉल या कलाकाराच्या 1973 च्या फिल्मवरून. तिच्यात धुरकट अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरच्या उजेडाचा एक शंकू हळूहळू पूर्ण होत जातो. पुन्हा अंधारी खोली.

त्याच उन्हाळ्यात, पॅरिसला जाण्याआधी, त्यानं न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवरच्या ओस पडलेल्या 52 क्रमांकाच्या धक्क्याच्या गोदामात काम केलं होतं. परवानगी न घेता. जमिनीत कालवा कापला, त्यातून नदीचं पाणी दिसे. पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीत मोठी पाकळीसारखी खिडक कापली. संध्याकाळचं ऊन त्यातून आत यायचं. 'डेज एंड' असं नाव. शहरानं खटला भरला, अटकेचं वॉरंट निघालं, आणि हा युरोपात निघून गेला. पुढे प्रकरण मिटलं. गरीब माणसाचं असं मिटलं असतं का, हा प्रश्न मी इथं नुसता ठेवते.

कारण माझा मूळ आक्षेप तोच होता. एंगलवुडच्या त्या भाडेकरूंचं काय? त्यांचं घर दोनदा गेलं, एकदा योजनेत, एकदा शिल्पात. मॅटा-क्लार्कवर लिहिणाऱ्यांनी छेदाचा कोन लिहिला आहे, कुठलं हत्यार वापरलं ते लिहिलं आहे. त्या कुटुंबाचं नाव मला कुठं सापडलं नाही. त्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1976 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका वास्तुविद्या संस्थेनं त्याला प्रदर्शनाला बोलावलं. त्याच्या पिढीला ज्यांनी वास्तुशास्त्र शिकवलं त्यांचा तो गड. त्यानं ब्रॉन्क्समधल्या नव्या सरकारी वसाहतींच्या फुटलेल्या खिडक्यांचे फोटो नेले, आणि रात्री उसनी आणलेली छऱ्याची बंदूक घेऊन संस्थेच्याच खिडक्या फोडल्या. फोटो त्या फुटलेल्या तावदानांत लावायचे होते. संस्थेनं संतापून प्रदर्शन उघडण्याआधी नवीन काचा बसवून घेतल्या. एका रात्रीत. ब्रॉन्क्समधल्या काचा वर्षानुवर्षं फुटक्याच होत्या. माझ्या हिशेबात हे त्याचं सगळ्यात प्रामाणिक काम, आणि त्यात करवत नाही.

दुसरं एक काम माझ्या घरातल्या पिशवीच्या फार जवळचं आहे. 1973 मध्ये त्याला कळलं की न्यूयॉर्क शहर लिलावात जमिनीचे असे तुकडे विकतं, जे मोजणीच्या चुकांमुळे उरले आहेत. दोन घरांमधली फूट-दीड फुटाची पट्टी, गटाराच्या कडेची फीत, कुणाच्या तरी आवारात अडकलेला त्रिकोण. काहींवर तर जाताही येत नाही. 25 ते 75 डॉलरला एक, असे पंधरा तुकडे त्यानं घेतले. प्रत्येकाचं खरेदीखत, नकाशा आणि इंचाइंचानं काढलेले फोटो गोळा केले. 'फेक इस्टेट्स' म्हणून ते आज संग्रहालयांत फिरतात. ज्यानं सिटी सर्व्हेच्या कचेरीत दिवस काढला आहे त्याला हे काम समजावून सांगावं लागणार नाही. रस्त्यात गेल्यावर आमच्याकडे उरलेल्या जागेतही एक अशी चिंचोळी पाचर आहे. तिच्यात सायकलही उभी राहत नाही, पण उताऱ्यावर ती आहे. फरक एवढाच की त्याला तुकडे मौजेसाठी हवे होते आणि आम्हाला ते नको असताना मिळाले. त्यानं कर भरला नाही, तुकडे शहराकडे परत गेले. आम्ही भरतो.

त्याचं पुढचं आयुष्य घाईघाईनं संपतं. 1976 मध्ये जुळा भाऊ सेबॅस्टियन गॉर्डनच्याच स्टुडिओच्या खिडकीतून पडून गेला. दुसऱ्या वर्षी पॅरिसमधल्या एका गॅलरीत गॉर्डन रोज तळघरात उतरून खणत बसायचा. खड्डा खोल होत जायचा, बाकी काही नाही. भावाच्या नावानं ते काम ओळखलं जातं. घरं कापणारा माणूस त्या वेळी फक्त जमीन उकरत होता, हे वाचून त्याच्याबद्दलची माझी तिडीक बरीचशी गेली. 1977 मध्येच अँटवर्पला त्यानं पाच मजली कार्यालयाच्या इमारतीत एकमेकांना छेदणारी वर्तुळं कापली. कागदावर चहाच्या कपाचे दोन डाग एकमेकांवर पडलेले दिसले, त्यावरून सुचलेला आकार. या वेळचे फोटो रंगीत होते. फिल्मच्या अरुंद पट्ट्या जोडून त्यानं त्यांचे मोठे सिबाक्रोम छाप काढले, कडेची भोकं न लपवता. 27 ऑगस्ट 1978 रोजी कर्करोगानं तो गेला. वय 35.

अँटवर्पची इमारत वाचवून तिचं संग्रहालय करावं म्हणून तिथल्या फ्लोर बेक्स या कलासंचालकानं खूप धडपड केली. त्यासाठी कलाकारांनी आपली कामं देऊ केली. 1980 मध्ये इमारत पाडलीच. जमलेल्या कामांतून मात्र अँटवर्पच्या समकालीन कला संग्रहालयाचा पाया घातला गेला. मॅटा-क्लार्कनं कापलेल्या बहुतेक इमारती आज उभ्या नाहीत. हडसनवरचं गोदामही 1979 मध्ये गेलं.

त्या गोदामाच्या जागी 2021 मध्ये डेव्हिड हॅमन्स या आफ्रिकन-अमेरिकन कलाकाराचं काम उभं राहिलं. शेजारच्या व्हिटनी संग्रहालयात उभा राहून त्यानं खिडकीतून रिकामं पाणी पाहिलं होतं आणि नंतर एक रेखाचित्र पाठवलं होतं. आता तिथं स्टीलच्या बारीक नळ्यांनी गोदामाची फक्त बाह्यरेषा आहे. पूर्ण आकाराची, मूळ मापाची. भिंत नाही, छप्पर नाही, कापायला काही नाही. फोटोत ते काम कधी कधी दिसतही नाही. नदीवरच्या धुक्यात कुणीतरी पेन्सिलनं घर काढल्यासारखं वाटतं. मॅटा-क्लार्कच्या कामांपैकी जे पाहायला मला तिकीट काढून जावंसं वाटतं, ते त्यानं केलेलंच नाही.

आमच्या भिंतीची बाह्यरेषा कुणी काढलेली नाही. पुढे उरलेला भागही पाडून तिथं दोन दुकानांचे गाळे झाले. गेल्या ईदला माहेरी गेले तेव्हा पुठ्ठा बरोबर घेऊन गेले आणि दुपारी रस्ता रिकामा असताना समोरच्या ओट्यावर, जिथं स्टुडिओवाले चाचा उभे असतील असं वाटलं तिथं उभी राहिले. ताक कुठं होता ते शोधायचं होतं. डावीकडचं माप लिंबाच्या झाडावरून लागलं. मोबाइलच्या दुकानाच्या पाटीच्या आसपास येतं. उंची मात्र लागेना. दादीच्या खांद्याएवढ्या उंचीवर तो होता, एवढं पक्कं आठवतं. पण तेव्हापासून रस्त्यावर चार वेळा डांबर पडलंय, आणि खालची जमीन गुडघाभर वर आली आहे.